अर्धी शालन

५ नोव्हेंबर २०२५
सिल्व्हर पार्क, मीरा रोड

रसिका,

पाकीट आधी उलटंपालटं करून बघशील, मग अक्षर ओळखशील. आपल्या दोघींत तेवढं एक अक्षरच वेगळं निघालं. तुझं टपोरं आणि माझं म्हणजे मुंग्या लागल्यासारखं, असं बाबा म्हणायचे.

फोन करता आला असता. बाबांच्या बाराव्याला तुझ्या नवऱ्याने, कार्लने, तुझा नंबर दिला होता, त्याला सहा वर्षं झाली. त्या दिवशी आपण दोघी पंगतीत वाढत होतो आणि तू मला फक्त 'मीठ' एवढंच म्हणालीस. मीही मीठ दिलं. तेव्हापासून नंबर आहे आणि मी लावलेला नाही. फोनवरच्या माझ्या आवाजाचा तुला भरवसा वाटेल असं मला वाटत नाही, म्हणून पत्र. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, डोंगरीला चार दिवस धरा. भाईंदरहून बस पकडली तर तासाभरात तुझ्या दारात पोचेन. एकाच महानगरपालिकेला पाणीपट्टी भरणाऱ्या आपण दोन बहिणी आणि आपल्यात चार दिवसांचं पोस्ट.

आता कारण सांगते. 'अर्धी शालन' सापडली.

आपले दिग्दर्शक महिपत सर गेल्या वर्षी गेले, ते तुला कळलंच असेल. त्यांची मुलगी सान्वी, सात वर्षांची होती तेव्हा, मेकअप रूममध्ये आपल्या दोघींच्या मध्ये बसून लिपस्टिक खायची बघ, तिला घर आवरताना माळ्यावर कॅसेट मिळाल्या. तिने सगळे तेरा भाग यूट्यूबवर टाकलेत. आमच्या नवरोबांनी, यतीनने, रविवारी पोहे खाता खाता मला न सांगता टीव्हीवर लावलं. टायटल साँग सुरू झालं आणि माझ्या हातातला लिंबाचा तुकडा चहात पडला.

नेमकी तेव्हाच शेजारची मिनल साखर परत द्यायला आली. ती दारातच उभी राहून बघायला लागली. "दीदी, ये तो आप हो. रुको, ये भी आप हो?" तिला सगळी कथा सांगावी लागली. म्हटलं, शालन आणि मालन या जुळ्या बहिणी. शालनला वॉर्ड ऑफिसात कारकुनाची नोकरी लागते, पण तिला दुपारी घरी आजोबांना सांभाळायला थांबावं लागतं. मग जेवणाच्या सुट्टीनंतर तिच्या जागी मालन जाऊन बसते. साहेबांना वाटतं बाई एकच आहे, फक्त सकाळी शिस्तीची असते आणि दुपारी वांड. दर गुरुवारी साडेसातला लागायची. तेरा भाग झाले आणि चॅनलने आपल्याला उठवून त्या जागी भविष्य सांगणाऱ्या माणसाला बसवलं. मिनल म्हणाली, "बंद क्यों किया, इतना अच्छा तो है." मला इतकं बरं वाटलं की तिची साखर मी परत घेतलीच नाही.

आपण किती बारीक होतो गं. आणि ते पिवळे ड्रेस कुणी निवडले होते? हळदीकुंकवाच्या वाणात मिळाल्यासारखे दिसतात.

माझं बरं चाललंय. काम सोडून दहा वर्षं होतील. आता मी आवाज देते. गॅस बुक करायला नंबर फिरवलास की जी बाई 'मराठीसाठी दोन दाबा' म्हणते, ती मी. तू गॅस बुक करत असशीलच. म्हणजे महिन्या-दीड महिन्याने का होईना, मी तुझ्या कानाशी असते, आणि तुला माझं ऐकून दोन दाबावंच लागतं.

दहा भाग बघून झाले. अकरावा अजून लावलेला नाही. यतीन लावायला निघाला होता, मी म्हटलं राहू दे.

उत्तर पाठवलंच पाहिजेस असं नाही.

गिरिजा


१६ नोव्हेंबर २०२५

रसू,

अकरावा भाग पाहिला. आज सकाळी यतीन भाजी आणायला गेला तेव्हा एकटीने पाहिला.

त्याआधी लवूकाकांचं सांगते, कारण त्यांच्यामुळेच पाहावा लागला. आपल्या भाईंदर पश्चिमेच्या जुन्या घराखाली स्टेशनरीचं दुकान होतं, तेच लवूकाका. आता ते सांस्कृतिक मंडळाचे सचिव आहेत आणि त्यांना कुणाचा ना कुणाचा सत्कार केल्याशिवाय करमत नाही. त्यांच्या नातीने त्यांना मोबाईलवर 'अर्धी शालन' दाखवली. लगेच फोन. "गिरिजाताई, आपल्या गल्लीतल्या कलाकार तुम्ही. १४ डिसेंबरला रविवारी संध्याकाळी पाच वाजता हॉल घेतलाय. पडद्यावर अकरावा भाग दाखवणार, त्यातलं ते निरोपाचं भाषण झालं की लगेच लाईट लावून तुम्हाला शाल आणि श्रीफळ." मी हो म्हटलं. मग ते म्हणाले, "बहीणबाई कुठे असतात हल्ली?" मी म्हटलं, "असते इकडेच. बघू."

बघू म्हटलं मी. तुझ्या सत्काराचं कुणी विचारलंच नाही आणि मीही सुचवलं नाही.

आता खरं काय ते लिहिते. आपली पद्धत तुला आठवते ना? सुरुवातीच्या नावांच्या पाट्यांवर शालन म्हणून माझं नाव आणि मालन म्हणून तुझं. पण सेटवर आपलं वेगळंच ठरलेलं. लांबलचक बोलायचं असलं की मी जाणार, कारण माझं पाठांतर चांगलं. हसवायचं असलं की तू, मग ती शालन असो की मालन. वेणी घातली की शालन आणि अंबाडा बांधला की मालन, मेकअपवाल्या बाईंना दोन मिनिटांचं काम. कॅमेरामनला शेवटपर्यंत कळलं नाही. महिपत सरांना मात्र दर वेळी कळायचं आणि ते कसं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. आता बघताना काही काही शॉटमध्ये माझं मलाच कळत नाही की ही मी आहे की तू. चौथ्या भागात फायलींच्या कपाटात अडकते ती कोण? मी तीनदा बघितलं. बहुतेक तू.

पण अकराव्यात शंका नाही. साहेब रिटायर होतात आणि शालनला निरोपाचं भाषण करायचं असतं, चार मिनिटं, एकही कट नाही. भाषण म्हणजे ते माझंच होतं. मी आठवडाभर पाठ केलं होतं. आणि त्या दिवशी सकाळी माझ्या उजव्या डोळ्याला ही एवढी रांजणवाडी आली. डोळा उघडेना. मग तुझी वेणी घातली आणि मला अंबाडा बांधून, गॉगल लावून, मालन म्हणून मागच्या रांगेत बसवलं. लोकांना वाटलं मालनने गॉगल लावणं हा विनोद आहे.

तुला भाषण पाठ नव्हतं. तू अर्धं विसरलीस आणि विसरल्यावर ताटलीतला बटाटेवडा उचलून खायला लागलीस. खाता खाता साहेबांना सांगितलंस की सर, तुम्ही मला रोज अर्धा दिवसच ओळखत होतात, तरी पूर्ण पगार दिलात. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. वडा तोंडात, डोळ्यांतून पाणी, आणि हसतेयस. मी गॉगलमागे रडत होते. रांजणवाडीत इतकं झोंबलं की विचारू नकोस.

पेपरात आलं, 'गिरिजाने शालनच्या निरोपाच्या प्रसंगात कमाल केली आहे.' बाबांनी ते कात्रण लॅमिनेट करून आणलं. तू पोळ्या लाटत होतीस. हात पुसून कात्रण पाहिलंस आणि म्हणालीस, "फोटो चांगला आलाय." फोटो तुझा होता. मी तिथेच उभी होते आणि मी काही बोलले नाही. पुढे सगळे मला त्या वड्याबद्दल विचारत राहिले आणि मी प्रत्येकाला सांगत राहिले की वडा गार होता. ते तरी कुठे मला माहीत असणार, वडा तू खाल्ला होतास.

आता यूट्यूबखाली चारशेवर कमेंट आहेत. 'गिरिजाताई ग्रेट.' 'गिरिजाताईंनी रडवलं.' मी सगळ्या वाचल्या.

तर १४ तारखेला मी लोकांना सांगणार आहे की ती तू होतीस. तू आलीस तर तुझ्यासमोर सांगेन. ये ना. एवढंच मागायचं होतं.

गिरिजा


२५ नोव्हेंबर २०२५

रसू,

काल तुझ्या सासूबाई भेटल्या. भाईंदरच्या मार्केटात गेले होते, तर विल्मामावशी सुक्या बोंबलांची टोपली घेऊन बसलेल्या. मला बघून त्यांनी आधी मलाच हाक मारली, "रसिका, तू हितं काय करते?" मग केस बघितले आणि म्हणाल्या, "आगो, ही दुसरी."

मी तिथेच उकिडवी बसले. पाव किलो बोंबील घेतले, मग आणखी पाव किलो घेतले, कारण विचारायचं धाडस होत नव्हतं. शेवटी त्यांनीच काढलं.

"पत्रं येतात तुजी. ती वाचते. वाचत न्हाय असं न्हाय. घडी घालून मिठाच्या बरणीमागं ठेवते आन् गप बसते."

"काहीच म्हणत नाही?"

"दुसरं आलं तवा बोलली. बोलली, आजून अर्धंच लिवलंय."

मी म्हटलं, "अर्धं म्हणजे काय?"

"ते मला काय ठावं. बहिणी तुमी हाय." मग माझ्या पिशवीत मूठभर सुकट वरून टाकून म्हणाल्या, "तू लिव. बसून लिव जरा नीट."

मला नाही कळलं तुला काय म्हणायचंय ते. मी जे होतं ते सगळं लिहिलं. रांजणवाडी लिहिली, कात्रण लिहिलं, वडासुद्धा लिहिला. आणखी काय लिहायचं असतं माणसाने?

बोंबील छान निघाले. यतीनने तीन भाकऱ्या खाल्ल्या.

गिरिजा


१ डिसेंबर २०२५

रसिका,

मागचं पत्र फाडून टाक. मला कळलं होतं. बोंबलांच्या टोपलीसमोरच कळलं होतं.

म्हणजे तुला माहीत आहे. गेला आठवडा मी आठवत बसलेय की कधीपासून, आणि आता वाटतं तुझ्या लग्नापासून. महिपत सर आले होते डोंगरीला. जेवणाच्या वेळी तुझ्याशी पाच मिनिटं बोलत उभे होते. तुमचा फोटोही आहे, त्यात तू त्यांच्याकडे बघत नाहीयेस, बाजूला बघतेयस. बाजूला मी आइस्क्रीम खात होते. त्यांनी काय विचारलं असेल ते मला आता पाठ म्हणता येईल. 'रसिका, तू तेव्हा नाही का म्हणालीस?' असंच ना?

लिहिते. सगळं लिहिते.

मालिका बंद होऊन दीड महिना झाला होता. आपण दोघी रोज फोनची वाट बघायचो आणि एकमेकींना तसं दाखवायचो नाही. तू खाली कोथिंबीर आणायला गेलीस. सकाळचे साडेअकरा असतील, कुकरची दुसरी शिट्टी झाली होती. फ्रीजवरचा फोन वाजला. मी हॅलो म्हटलं आणि महिपत सर म्हणाले, "रसिका का?"

मी 'नाही, गिरिजा' म्हणणार होते. तोंडात आलं होतं. पण ते थांबलेच नाहीत. म्हणाले, "नवी मालिका करतोय. मेन रोल, एकटीचा. अकरावा भाग कुणी केला ते मला माहीत आहे, पेपरवाल्यांना माहीत नसेना का. उद्या येऊन भेट." त्यांना आपण दोघी वेगळ्या दिसत होतो, हे मला तोवर बरं वाटायचं. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की वेगळ्या म्हणजे काय. एक चांगली आणि एक बरी.

मी म्हटलं, "मी रसिकाच बोलतेय सर. मला नाही जमायचं आता. गिरिजाला घ्या, ती चांगली आहे."

शब्द न् शब्द हाच. बावीस वर्षांत एक अक्षर विसरलेले नाही, माझं पाठांतर तुला माहीत आहे. तुझ्यासारखं शेवटी थोडं हसलेसुद्धा. सर "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. तू वर आलीस, विचारलंस कुणाचा फोन. मी म्हटलं राँग नंबर. तू कोथिंबीर निवडायला बसलीस. मी तुझ्यासमोर बसून निवडली.

चार दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. तू माझ्यासाठी साडी इस्त्री केलीस, तीही आठवते. निळी, काठाला बारीक कोयऱ्यांची. महिनाभर तू फोनकडे बघत राहिलीस, मग बघायची थांबलीस आणि शाळेच्या ऑफिसात नोकरी धरलीस. तिथे कार्ल भेटला. त्याचं श्रेय मी घेत नाही, घाबरू नकोस.

आणि माझं काय झालं ते तर तू टीव्हीवर बघितलंस. त्या नव्या मालिकेच्या सहाव्या भागात माझ्या पात्राला कोमात टाकलं. सरांनी कारण विचारलं नाही आणि सांगितलंही नाही. पाच आठवडे डोळे मिटून कॉटवर पडून होते. तेच माझं सगळ्यात चांगलं काम, असं यतीन म्हणतो. नंतर काशीमिऱ्याच्या सगळ्या सेटवर मी नर्स झाले. 'डॉक्टर येतायत' हे वाक्य मी इतक्या मालिकांत म्हटलंय की खरे डॉक्टर भेटले तरी मी आधी बाजूला सरकते.

रसू, मला सगळ्यात लाज कशाची वाटते सांगू? मी दुःखी नाही. असं करणाऱ्या बाईने निदान झुरायला तरी पाहिजे होतं. मी मजेत जगले. यतीन चांगला आहे, घर आहे, सकाळी मिनलबरोबर चालायला जाते, आवाजाचं काम मला आवडतं. तुझं होतं ते घेतलं, ते माझ्या अंगाला बसलं नाही, मी काढून ठेवलं आणि निघून आले. तुला परत द्यायला मात्र वीस वर्षांत कधी आले नाही. तू डोंगरीला सुखात आहेस असं ऐकते. त्याने माझं केलेलं कमी होत नाही, ते मला कळतं. चुकलं माझं. फार चुकलं.

१४ तारखेला मी हेही सांगणार आहे, फक्त वड्याचं नाही. लवूकाकांना वाटेल शालीचे पैसे वाया गेले. वाटू दे.

गिरिजा


८ डिसेंबर २०२५

रसू,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे, मी पहिल्याच पत्रात म्हटलं होतं की पाठवलंच पाहिजेस असं नाही. आता म्हणेन की पाठवलं असतंस तर बरं वाटलं असतं.

यतीनला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मी लग्नाआधी टीव्हीवर बघून जिच्यावर फिदा झालो, ती वडा खाणारी तू नव्हतीस?" मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "आता उशीर झाला." मग चहा करून आणला. हा माणूस असा आहे.

एक राहिलं होतं, तेही लिहून टाकते, म्हणजे माझ्याकडे काही शिल्लक नको. चर्चच्या पटांगणात तू मुलांकडून नाताळचं नाटक बसवतेस ना, ते मी दोनदा पाहिलंय. एकदा बाबा होते तेव्हा आणि एकदा तीन वर्षांपूर्वी. ओढणी डोक्यावरून घेऊन मागे उभी होते. तरी एक माणूस येऊन घाईघाईने म्हणाला, "रसिका, ही लाईट कुठं लावायची?" मी काय करणार? हात करून 'तिकडे' म्हटलं. त्या वर्षी तीन राजे अंधारात आले आणि गाईवर झगझगीत उजेड होता, ती चूक माझी.

नाटक मात्र काय सुंदर होतं. व्हॅलेरी देवदूत झाली होती आणि पंख खाली सरकला तर तिने तो तसाच हाताने धरून पूर्ण निरोप सांगितला. लोक हसले आणि मग एकदम गप्प झाले. मला वडा आठवला. तुझीच मुलगी ती. महिपत सर असते तर त्यांना लांबून कळलं असतं.

रविवारी पाच वाजता. हॉल स्टेशनजवळ आहे, बसमधून उतरून चालत पाच मिनिटं. नाही आलीस तरी मी बोलणार आहे.

गिरिजा


१३ डिसेंबर २०२५, शनिवार

रसू,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. पर्समध्ये ठेवतेय.

आज अकराच्या सुमाराला मी मेथी निवडत होते. लवूकाकांचा फोन आला. "गिरिजाताई, कालच्या तुमच्या सांगण्याप्रमाणे सगळं केलंय बरं का."

मी म्हटलं, "कालच्या?"

"काल दुपारी फोन केला होतात ना. नंबर दुसरा होता. मिस्टरांच्या फोनवरून करतेय म्हणालात."

काल दुपारी मी स्टुडिओत होते. एका बँकेसाठी 'कृपया प्रतीक्षा करा' चौदा वेळा म्हणत होते. यतीन ऑफिसात. पण मेथीची जुडी हातातच राहिली आणि मी अगदी साध्या आवाजात विचारलं, "काका, माझ्या डोक्यातून गेलंय बघा. मी काय काय सांगितलं ते एकदा वाचून दाखवता?"

त्यांनी लिहून घेतलं होतं. सचिव माणूस. चष्मा लावला असणार, कारण मध्ये जरा वेळ गेला. मग वाचायला लागले. "एक. स्टेजवर दोन खुर्च्या ठेवा. दोन. डोंगरीहून पाच माणसं येतील, त्यांत एक म्हाताऱ्या बाई आहेत, त्यांना पुढे बसवा. तीन. चहाबरोबर वडे ठेवा, गरम. चार. मी स्वतः गॉगल लावून येणार आहे, कुणी कारण विचारू नका." इथे ते थांबले. "ताई, डोळ्याचं काही झालंय का?"

मी म्हटलं, "जुनंच आहे, काका. पुढे वाचा."

"पुढे शालीचं. ते मी तुमच्याच शब्दांत उतरवून घेतलं, म्हटलं माईकवरून सांगताना चूक नको. तुम्ही म्हणालात, 'मी गिरिजाच बोलतेय काका. मला शाल नको. रसिकाला घाला, ती चांगली आहे.'"

मेथी सगळी खाली पडली. मी ओट्याला धरून उभी राहिले आणि रडले, आणि हसलेही. काका तिकडून हॅलो हॅलो करत होते. त्यांना वाटलं नेटवर्क गेलं.

गॉगल घरात नव्हता. यतीन स्टेशनबाहेर जाऊन घेऊन आला, भलामोठा, काळा, एका काडीवर चमकी. अकराव्या भागात होता त्याच्याहून वाईट. मी तो उद्या पूर्ण वेळ घालून बसणार आहे, तुझ्या शेजारच्या खुर्चीवर, तू शाल घेऊन माईकवर जाशील तेव्हाही. माझं बोलायचं आहे ते मी बोलेनच. ते तेवढं तू माझ्या वतीने करू नकोस.

काकांना मात्र शेवटी शंका आली होती. म्हणाले, "आवाजावरून मला वाटलं तुम्हीच. पण तुम्हाला तर काहीच आठवत नाहीये. तुम्हीच होतात ना फोनवर?"

मी म्हटलं, "हो काका. मीच होते."

मालन
(भाग अकरावा)